व्यसनमुक्ती केंद्रातला कलेचा तास

केंद्रात कलेचा तास सुरू करायचा म्हटलं की आधी भिंत रंगवायची टूम निघते. उगवता सूर्य, तुटलेली साखळी, खाली एखादी घोषणा आणि पाहुणे आले की त्यापुढे फोटो. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात अठरा ते तीस वयाच्या मुलांबरोबर हे काम करणाऱ्या आम्हा मंडळींचं मत विचाराल, तर त्या भिंतीचा मुलांना सगळ्यांत कमी उपयोग होतो. उपयोग होतो तो अर्धवट राहिलेल्या कामाचा. गोळी पोटात गेली की थोड्या वेळात बरं वाटतं, ही ज्याच्या अंगाला सवय, त्याला आज थापलेली माती परवा वाळेल आणि तेरवा रंगवता येईल हे पचतच नाही. तो एक तर आजच्या आज संपवायला बघतो, नाही तर मोडून टाकतो. वस्तू अर्धी ठेवून झोपायला जाणं आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा हातात घेणं एवढं जमायला लागलं की समुपदेशनातही तो जरा टिकून बसतो. आमच्या तासाची सगळी आखणी याच गोष्टीभोवती आहे.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटात दारू पिणारे 14.6 टक्के, भांग-गांजा-चरस घेणारे 2.8 टक्के आणि अफूजन्य पदार्थ घेणारे 2.06 टक्के असे आकडे आले. दारूचा वाटा एवढा मोठा असल्यानं बहुतेक केंद्रांचं वेळापत्रक दारूच्या आणि चाळिशीतल्या माणसाच्या हिशोबानं आखलेलं असतं. तरुण मुलं येतात ती वेगळाच माल घेऊन. गांजा, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल, अल्प्राझोलामच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या (उत्तर महाराष्ट्रात यांनाच ‘कुत्ता गोळी’ म्हणतात), पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर आणि आता एमडी (मेफेड्रोन). बरेचदा दोन-तीन एकत्र. प्रत्येकाचं उतरणं निराळं, म्हणून कुणाला तासाला कधी बसवायचं हेही निराळं.

दारू सोडलेल्याला पहिले तीन-चार दिवस तासाला बोलवायचंच नाही. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम. तो पूर्ण वेळ डॉक्टरांचा. अल्प्राझोलामवाल्याची मात्रा डॉक्टर टप्प्याटप्प्यानं उतरवतात, त्याला आठवडे लागतात, आणि एकदम बंद केली तर यालाही झटके येतात. ही मुलं तासाला येऊ शकतात, पण पेंगतात, आणि काल काय केलं ते विसरलेली असतात. ब्राऊन शुगर (भेसळीचं हेरॉइन) किंवा ट्रॅमाडॉल सुटलेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास होतो: नाक गळतं, अंग मोडून येतं, पोट बिघडतं, काटा येतो. आठ-दहा दिवसांत शरीर बरंच सावरतं, झोप मात्र कित्येक आठवडे येत नाही. गांजावाला शरीरानं धडधाकट दिसतो, पण पहिले दहा-पंधरा दिवस चिडका असतो. त्याच्या हातात ढोलकी दिली तर कातडं फाटेल, माती दिली तर चालते.

वेळ आम्ही दुपारी चार ते साडेपाच ठेवली आहे. सकाळच्या औषधांची गुंगी तोवर उतरते, आणि दिवस कलायला लागला की तलफ जोर धरते, तेव्हा हात रिकामे नको. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास गेल्यावर पत्र्याच्या हॉलमध्ये चार वाजता बसणं म्हणजे शिक्षा. त्या दिवसांत तास सकाळी साडेसातला, औषधांच्या आधी. एका गटात आठ-दहा जण, त्याहून जास्त नकोत. तास घेणारा एक आणि शेजारी समुपदेशक किंवा वॉर्डातला अनुभवी माणूस एक. एखादा उठून बाहेर गेला तर त्याच्यामागे जायला कुणी तरी लागतं, आणि मागे उरलेल्या नऊ जणांजवळही.

सामान आणायला जाल तर आधी काय आणायचं नाही ते ठरवा. थिनर, टर्पेंटाइन, ऑइल पेंट, स्प्रे, परमनंट मार्कर, व्हाइटनर, रबर सोल्युशन: यातलं काहीही दाराच्या आत येता कामा नये. सोल्युशन ओढणाऱ्या मुलाला डबा उघडल्याचा वास पुरतो, अख्खी दुपार वाया जाते. हात धुवायला सॅनिटायझर ठेवू नये, त्यात अल्कोहोल असतं आणि ते प्यायलं जातं. साबण ठेवावा. चिकटवायला पाण्यातला पांढरा गोंद किंवा घरची खळ. खळ मैद्याची, एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवायची. बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, केंद्रात नको. त्याऐवजी रोज ताजी थोडीच शिजवावी.

दहा जणांना महिनाभर पुरेल असं आमचं सामान म्हणजे खाकी क्राफ्ट पेपरचा एक मोठा रोल, पोस्टर कलरच्या अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या (लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा; पांढरा लवकर संपतो, त्याच्या दोन आणल्या तरी चालतं), एक-दीड इंची चपटे ब्रश, रंगीत खडू, कोळसा, गेरू, पंचवीस किलो माती आणि रद्दीचे गठ्ठे. बारीक ब्रश आणि टोकदार पेन्सिल पहिल्या दोन आठवड्यांत देऊच नये. हात थरथरत असतो. बारीक रेघ वाकडी गेली की मुलगा कागद चुरगाळतो आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून उठतो. रुंद ब्रशाला थरथर दिसत नाही. कागदही मोठा, निदान दोन फूट बाय तीन, जमिनीवर पसरलेला, म्हणजे खांद्यापासून हात फिरतो.

कात्र्या गोल टोकाच्या, मोजून सहा. फळ्यावर आकडा लिहून काढायच्या, आकडा जुळल्याशिवाय हॉलचं दार उघडायचं नाही. कटर, सुई, दाभण नाही. हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगितलं तर कुणी वाईट मानत नाही. चोरून झडती घेतली तर मानतात.

कात्री टाळायची असेल तेव्हा घडीकाम बरं. पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करणारे अनिल अवचट स्वतः ओरिगामीत रमणारे होते. कागद सोडून काही लागत नाही आणि बिघडलं तर नवा कागद, हा घडीकामाचा मोठा गुण. फक्त दुकानातले छोटे रंगीत चौकोन आणू नयेत. वर्तमानपत्राचा हातभर चौकोन घ्यावा, घडी अंगठ्यानं नाही तर तळहातानं दाबायला सांगावी.

खान्देशची काळी माती कपाशीला चांगली, मूर्तीला वाईट. पाण्यानं फुगते, वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी भांड्याला बोट जाईल एवढी भेग पडलेली असते. आम्ही कुंभाराकडून चाळलेली, मुरवलेली गाळाची माती घेतो. ती मिळाली नाही आणि काळीच वापरायची वेळ आली, तर चार भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली वाळू, मूठभर राख, आणि पाच किलोला साधारण पन्नास ग्रॅम पिंजलेला कापूस. कापूस एकदम टाकला तर गोळे होतात. तो तंतू-तंतू सुटा करून पसरायचा आणि मळत जायचं. भिंत अंगठ्याएवढ्या जाडीची, भरीव काही करायचं नाही. वाळवण सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. उन्हाळ्यात वरून प्लास्टिकही टाकावं लागतं, कारण बाहेरचा थर आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि वस्तू तडकते. पावसाळ्यात उलट, चार-चार दिवस वाळत नाही आणि बुरशी येते.

पहिला अख्खा तास नुसतं मळणं. मुलं कंटाळून विचारतात, “सर, बनवायचं काय?” काही नाही, मळा. हाडं ठणकत असलेल्या मुलाला तळहाताच्या मुळानं माती रेटणं बरं वाटतं, झोप थोडी बरी लागते असं पुष्कळ जण सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याच गोळ्यात अंगठा घालून वाटी. ट्रॅमाडॉल सुटून आठवडा झालेला मुलगा वाटी करताना बघण्यासारखा असतो. बूड चांगलं बसतं, कडेला येईपर्यंत बोटं थरथरायला लागतात, कड पातळ होते, फाटते, तो पाण्याचं बोट लावतो, ती आणखी ढासळते, आणि वाटी थाडकन बादलीत जाते. इथे समजावत बसू नये. “राहू दे भाऊ, भिजू दे. उद्या हीच मळू,” एवढं पुरे. न भाजलेली माती किती वेळा बिघडवा, भिजवली की परत पहिल्यासारखी. हे आपण सांगून कळत नाही. चार वेळा तीच बादली पुढे आली की कळतं. म्हणूनच भट्टीत भाजायची घाई आम्ही करत नाही. जाड किंवा आत ओल राहिलेली वस्तू भट्टीत फुटते, आणि फुटलेली वस्तू बघितलेला मुलगा परत मातीजवळ येत नाही.

तलफेची रेघ हा दुसऱ्या आठवड्यातला प्रकार. क्राफ्ट पेपरची लांब पट्टी जमिनीवर अंथरायची, हातात कोळसा. तलफ किती आहे ते शून्य ते दहात मनाशी ठरवायचं आणि त्या उंचीवरून रेघ सुरू करून डावीकडून उजवीकडे सरकत राहायचं. वाढली की रेघ वर, उतरली की खाली. हात उचलायचा नाही, बोलायचं नाही, वीस मिनिटं. तलफ बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत चढून उतरते, तिच्यासाठी काही केलं नाही तरी. मुलांना ती कधीच उतरलेली माहीत नसते, कारण उतरायच्या आत त्यांनी माल घेतलेला असतो. आपल्याच हातानं काढलेला उतार कागदावर दिसणं हे ‘मनावर ताबा ठेव’ सांगण्यापेक्षा कामी येतं. बिघडतं कुठे? वीस मिनिटं होऊनही रेघ वरच राहिली तर मुलगा घाबरतो. त्याला गटात तसाच सोडायचा नाही. समुपदेशकानं त्याच्याबरोबर फेरी मारायची, गूळ-पाणी द्यायचं, लागलं तर डॉक्टरांना सांगायचं. हा प्रकार संध्याकाळच्या जेवणाच्या अगदी आधीही ठेवू नये. भूक आणि तलफ यांची गल्लत होते.

आमच्या दृष्टीनं सगळ्या तासांत मोलाचा तास गावाच्या नकाशाचा. तो घरी जायच्या साधारण तीन आठवडे आधी घ्यावा. खाकी कागदावर मुलगा आपलं गाव काढतो: एसटी स्टँड, शाळा, दूध डेअरी, मारुतीचा पार, मेडिकल, पानटपरी, रेल्वेचा पूल, केळीची बाग, नाल्याचा बांध, आपलं घर. आधी नुसता खडू, नंतर तीन रंग. जिथे माल मिळायचा किंवा घेतला जायचा ते लाल. जिथे तसं काही नाही, पण तिथून पुढे पाय वळतात ते पिवळं. जिथे नशा कधीच घेतली नाही ते हिरवं. हिरव्याला मुलं अडतात. “सर, हिरवं काहीच नाही.” घाई करू नये. कुणाला आजीचं ओसरीवरचं बाजलं आठवतं, कुणाला मामाच्या रसवंतीचा चरक. एवढीशी दोन हिरवी ठिकाणं सापडली तरी स्टँडवर उतरल्यापासून तिथवर जायचा रस्ता आखता येतो.

मग कागद उलटायचा आणि मागे वर्षाचं कॅलेंडर काढायचं. आपल्याकडे नशेला जागा असते तसा हंगामही असतो. कापूस विकून हातात रोकड येते ते दिवस. केळीच्या कटिंगचे, ट्रक भरायचे दिवस, कारण मजुरी रोजची आणि सोबत बाहेरची माणसं. लग्नसराईतली हळदीची रात्र आणि डीजे. सातपुड्याकडच्या मुलाला होळी आणि तिच्या आधीचा भोंगऱ्या बाजार. तिथे मोहाची दारू नुसती प्यायची नसते, देवाला तिची धार सोडायचा रिवाज असतो, म्हणून ‘होळीला जाऊ नको’ हा सल्ला कुचकामी. धार घरातल्या दुसऱ्या कुणी सोडायची हे वडीलधाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं लागतं, आणि ते बोलणं केंद्रातल्या भेटीच्या दिवशीच व्हायला हवं. रोकडीच्या दिवसांपुढे मुलगा लिहितो की पैसा कुणाच्या खात्यावर जाईल. आईच्या किंवा बहिणीच्या खात्यावर गेला तर बरं. मोठ्या भावाच्या नावावर म्हटलं की घरात दुसरंच भांडण पेटतं, हे पुष्कळदा होतं.

या तासात एक मोठा धोका आहे आणि नवखा तास घेणारा त्यात हमखास सापडतो. लाल ठिपक्यांवर गटात चर्चा सुरू झाली की माहितीची देवाणघेवाण होते. चोपड्याच्या मुलाला भुसावळचा आणि धुळ्याच्या मुलाला शिरपूरचा ठावठिकाणा फुकटात मिळतो. शिवाय लाल ठिपके जास्त असणाऱ्याचा गटात भाव वाढतो. म्हणून लाल ठिपक्याला नाव नाही, दुकान नाही, माणूस नाही. पूर्ण नकाशा फक्त मुलगा आणि समुपदेशक बघतात. गटापुढे येतो तो दुसरा कागद, ज्यावर फक्त पिवळं, हिरवं आणि मधला रस्ता असतो. पहिला कागद केंद्राच्या कपाटात, कुलपात.

नकाशातली पिवळी ठिकाणं पुढे नाटकात येतात. खान्देशात वहीगायन या लोकगायनाची, तमाशाची हवा घरोघरी पोचलेली. सवाल-जवाब आणि ऐनवेळचं बोलणं मुलांना शिकवावं लागत नाही, आवरावं लागतं. प्रसंग तीन मिनिटांचा: स्टँडवर जुना मित्र भेटला. एक जण मित्र, एक जण स्वतः. बाकीचे बघतात, आणि कुणालाही “थांब” म्हणून उठता येतं, त्यानं जागेवर जाऊन आपल्या पद्धतीनं पुढचं करून दाखवायचं. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी अशा नाटकाला शिस्त लावली, जगभर त्यावर काम होतं. आम्ही त्यातलं एवढंच उचललं आहे. बोली ज्याची त्याची. जळगाव-यावलकडचा लेवा बोलीत बोलतो, धुळ्याचा अहिराणीत, नंदुरबारचा भिलीत. प्रमाण मराठीत ‘नाही’ म्हणायचा सराव केलेला मुलगा पारावर गेला की गडबडतो, कारण तिथे त्याला कुणी प्रमाण मराठीत बोलावत नाही.

“चाल ना भो, आज एकच दिन. कोनले काय समजस?”

“मी नही येस.”

“काबर?”

खरी परीक्षा या ‘काबर’नंतर, म्हणजे ‘का?’ विचारल्यावर. मुलगा कारण देतो: तब्येत बरी नाही. मित्र म्हणतो, मग उद्या. मुलगा म्हणतो, पैसे नाहीत. मित्र म्हणतो, मी देतो. दिलेलं प्रत्येक कारण समोरच्याच्या कामी येतं, हे तीन फेऱ्यांत सगळ्यांच्या लक्षात येतं. मग सराव तीन गोष्टींचा. उत्तर तीन शब्दांचं, तेच पुन्हा. बोलता-बोलता पाय चालते ठेवायचे, उभं राहायचं नाही. आणि नकाशावरच्या हिरव्या ठिकाणाचं नाव घेऊन निघायचं. हे अंगात मुरायला त्याच प्रसंगाच्या पुष्कळ फेऱ्या लागतात, त्यात गंमत राहत नाही, आणि ती न राहिलेलीच बरी.

नियम दोन, त्यांना अपवाद नाही. नशेत झुलणारा माणूस कुणी करून दाखवायचा नाही. हशा पिकतो, टाळ्या मिळतात, आणि नक्कल करणाऱ्याला रात्री झोप येत नाही. आणि माल, पन्नी, चिलीम, सुई यांचा नुसता हाताचा अभिनयही करायचा नाही. त्या हालचालीनंच तलफ उठते. ‘मित्रा’चं काम समुपदेशकानं किंवा वर्षभर सुटलेल्या जुन्या मुलानं करावं, नव्यानं आलेल्यानं नाही. घरातले प्रसंग, म्हणजे बापाचा मार किंवा त्याहून वाईट काही, हे नाटकात आणायचं काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाचं. हौशी माणसानं ते उघडलं तर बंद कसं करायचं हे त्याला ठाऊक नसतं. एखादा मुलगा आपण होऊन तिकडे वळला तर प्रसंग तिथेच थांबवायचा, पाणी प्यायचं, आणि तो विषय त्याच दिवशी समुपदेशनात घ्यायचा.

संगीताचं थोडक्यात. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणारी संस्था) नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिली तर तलफ कमी होते आणि उपचाराची ओढ वाढते असं दिसलं. नैराश्य आणि चिंता यांवर स्पष्ट फरक आढळला नाही. तो आढावा शिकलेल्या संगीतोपचारकांच्या कामाचा आहे, संध्याकाळी ढोलकी बडवण्याला तो दाखला लावू नये. आम्ही ठेक्यापुरतं बघतो. आठ मात्रांचा केहरवा, सगळ्यांनी टाळीवर धरायचा, एकानं ढोलकीवर. पाच मिनिटं लय न वाढवता. लय वाढतेच, सगळी मुलं पळतात. वाढली की थांबून परत पहिल्यापासून. पावरी वाजवणारा एखादा पावरा किंवा भिल्ल मुलगा गटात असला तर उत्तम, पण गांजा-बिडीनं छाती भरलेल्यांना फुंकायची वाद्यं सुरुवातीला दमवतात, चक्कर येते. गाणी निवडताना प्रत्येकाला एकांतात विचारावं की घेताना काय ऐकायचास. ती गाणी पहिला महिना हॉलमध्ये वाजणार नाहीत. डीजेची बहुतेक गाणी यातच जातात. बायकांच्या केंद्रात गुलाबाईची गाणी चालतात, म्हणता-म्हणता नवी कडवी जोडली जातात. मात्र तो गट स्वतंत्र, तास घेणारी बाई, आणि पुरुषांच्या वॉर्डाला हॉलचं दार लागून नको.

चित्रांचे अर्थ लावू नयेत. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, हे ज्योतिष झालं. काळा पुष्कळदा एवढ्यासाठी असतो की पांढरा संपलेला आहे. “हे का काढलंस?” विचारलं की मुलगा जाब विचारल्यासारखा गप्प होतो. “इथे काय चाललंय, सांग” म्हटलं तर बोलतो. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगावं, आपण त्याच्या बोलीत जसंच्या तसं उतरावं, सुधारू नये. नोंद ठेवायची ती मोजक्याच गोष्टींची: तासाआधी आणि नंतर तलफ शून्य ते दहात किती, रात्री झोप किती, कालचं काम आज हातात घेतलं का. चित्र चांगलं आलं का, हा रकाना नाही.

घरच्यांना हे पटवणं हा निराळा तास. भेटीला आलेले वडील दारातूनच म्हणतात, “सर, पोराला चित्रं काढायला ठेवलंय का इथं? काही कामधंदा शिकवा.” त्यांचं चुकत नाही. त्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. त्यांना नकाशाची मागची बाजू, रोकडीच्या दिवसांची, दाखवली की ते खाली बसतात. कामधंद्याच्या नावाखाली काही केंद्रांत केळीच्या सोपटाच्या वस्तू किंवा पिशव्या करून घेतात आणि विकतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्याकडून जबरदस्तीनं काम करून घेता येत नाही, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो, आणि त्याच्या संमतीशिवाय फोटो प्रसारमाध्यमांना देता येत नाही. व्यसनाचे आजारही या कायद्यात येतात. म्हणून 26 जूनला नशाविरोधी दिनाचा कार्यक्रम असला तरी मुलांना स्टेजवर उभं करून ‘मी असा बरा झालो’ म्हणायला लावू नये. महिनाभर सुटलेल्या मुलाला टाळ्या मिळाल्या की तो स्वतःला बरा समजून औषधं सोडतो. शिवाय पुढे पाय घसरला तर त्या टाळ्यांमुळेच तो परत यायला लाजतो.

घरी जाताना कापडी पिशवी देतो. त्यात रेघांची नसलेली वही, खडू, कोळशाचे तुकडे, पिवळ्या-हिरव्या नकाशाची घडी. फार सामान भरलं तर तसंच पडून राहतं. पहिला महिना आठवड्यातून एकदा यायचं, आठवडी बाजाराच्या दिवशी नाही, कारण बाजाराचा दिवस बहुतेकांच्या नकाशावर लाल असतो. एसटीच्या भाड्याची सोय आधी करून ठेवावी, पुष्कळ जणांचं येणं तेवढ्यानंच तुटतं. ढोलकी शिकलेल्याला वाजवायला घराजवळची जागा लागते. श्रावणातला कानबाईचा उत्सव, गावातलं भजन, अशा ठिकाणी कुणाशी बोलून ठेवलेलं असलं तर बरं.

आणि एक गोष्ट घरच्यांच्या समोर, स्पष्ट शब्दांत. महिना-दोन महिने सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पाय घसरला आणि आधीची मात्रा एकदम घेतली, त्यातही गोळ्या आणि दारू एकत्र, तर श्वास बंद पडू शकतो. दीर्घ घोरणं, निळे पडलेले ओठ, हलवून न उठणं दिसलं तर ‘झोपलाय, उतरेल’ म्हणून सोडू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. एरवी बोलायला व्यसनमुक्तीची 14446 आणि मानसिक आरोग्याची 14416 अशा दोन हेल्पलाइन आहेत. पिशवीच्या आतल्या बाजूला हे तिन्ही नंबर रंगानं लिहून देतो, आणि लिहितो तो मुलगाच. घसरून परत आलेल्याला कारण विचारत बसत नाही. कपाटातला पहिला नकाशा काढायचा, कुठल्या वळणावर पाय वळला तिथे खूण करायची, आणि तिथून नवा रस्ता आखायचा.